डांबर लावलेली कायाक

आमची एस्तेर तिच्या भावापेक्षा, दानियलपेक्षा, बरीच मोठी. आई लवकर गेली, मग त्याला खाऊ घालणं, धरणाच्या फुगवट्यात पोहायला शिकवणं, सगळं तिनंच केलं. तिचं लग्न राहिलं ते राहिलंच.

भूपेशशेठनं तिथं पाहुण्यांसाठी कायाक आणल्या. प्लास्टिकची लांबट नाव, आतून पोकळ, एकट्यानं वल्हवायची. दानियल त्याच्याकडं कामाला लागला. एकीला खालून चीर गेली तर शेठ म्हणे, "सीझन आहे, काहीतरी कर." त्यानं आपल्याकडं लाकडी नावेला करतात तेच केलं, डांबर तापवून लावलं. डांबर लाकडाला धरतं, प्लास्टिकला कुठं धरतं? तीच घेऊन दानियल पाण्यात मधोमध गेला नि डांबराचा पापुद्रा सुटला. आत पाणी भरलं, काठ लांब. अंगात तरंगायचं जॅकेट नाही. पोहणाऱ्यानं जॅकेट घातलं तर आपलेच लोक हसतात ना. गेला आमचा दान्या.

माती झाली तशी शेठ घरी आला. "ताई, वाईट झालं. पण डांबर त्यानंच लावलं. माझ्यावर जबाबदारी येत नाही."



पुढच्या महिन्यात परत कायाक काठावर लागल्या. नवी पाटी पण लावली, 'आपल्या जबाबदारीवर बसावे'. एस्तेर सकाळीच गेली नि एकेक कायाक उचलून हलवायला लागली. दोन कायाकींच्या पोटात पाणी खळखळलं, म्हणजे त्याही फुटक्या. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली.

"ताई, धंद्याच्या टायमाला हे काय?" शेठ धावत आला.

मासे विकणारी धनुबाई तिथंच होती. म्हणाली, "शेठ, तुझ्या पाटीला पोहता येतं का?" सगळे हसले. एस्तेर नाही हसली.

"डांबर माझ्या भावानं लावलं. चूक झाली त्याची, मी लपवत नाही. फुटकी नाव पाण्यात कोणी घातली ते तू सांग."

"मी मारलं का त्याला?"

"तसं कुठं म्हटलं? तू बस हिच्यात. जॅकेट घालून बस. त्या टेकडीपर्यंत जाऊन ये."

शेठ कायाककडं बघत राहिला. बसला नाही. पाहुणे गाडीत जाऊन बसले.

"बरं, या दोन दुरुस्तीला नेतो."

"नेऊ नको. इथंच काप."

"कापू? नवीन केवढ्याला येते माहीत आहे?"

"काप. आणि कामाच्या पोरांना पण जॅकेट घालायला लाव, नाहीतर उद्या परत येईन. परवा पण येईन."

धनुबाईनं घरून करवत आणली नि शेठच्या हातात दिली. दुसरी कायाक कापून होईपर्यंत एस्तेर काठावरून हलली नाही.