फळांच्या यंत्राची घंटा

माझा धाकटा भाऊ परदेशी बोटींच्या इंजिनघरात हयात घालवून सांगलीला स्थायिक झाला, तेव्हा त्याच्या सामानात एक लोखंडी पेटी होती. समोर काच, काचेमागे फळांची चित्रे असलेली तीन चाके आणि उजव्या अंगाला एक भक्कम दांडा. नाणे टाकून दांडा ओढायचा. तिन्ही चाकांवर एकच फळ येऊन थांबले तर खालच्या वाटीत खळखळ नाणी पडत. विलायतेतल्या खलाशांच्या एका क्लबात हे यंत्र जुगारासाठी उभे होते. ते जुन्या, मोठ्या पेनीवर चाले. त्या देशाने ती पेनी चलनातून काढली तेव्हा यंत्र क्लबाच्या काही कामाचे राहिले नाही, आणि भावाने पिशवीभर पेनींसकट ते भंगाराच्या भावात उचलले. चाकांवरचे चेरी हे फळ माझ्या भावजयीने कधी पाहिले नव्हते. ती त्यांना करवंदे म्हणे.

गंमत म्हणून आणलेली ती वस्तू पुढे औषध झाली. भावाला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला. डॉक्टरांनी हाताला सतत ओढण्याचा व्यायाम सांगितला. रबरी चेंडू दाबत बसण्याचा त्याला कंटाळा येई, परंतु या दांड्यापुढे तो सकाळ-संध्याकाळ न सांगता उभा राही. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे दांड्याभोवती गुंडाळायची आणि ओढायचे. करवंदे जुळोत न जुळोत, हळूहळू बोटे उघडू लागली होती.

आणि मग घंटा वाजू लागली.

मी तेव्हा साताऱ्याला, न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होऊन राहत होतो. सन एकोणीसशे सत्तरनंतरची ती मधली वर्षे. माझा स्वभाव रागीट आहे, आणि राग कागदावर उतरल्याखेरीज मला अन्न गोड लागत नाही. नगरपालिका, टपाल खाते, एस. टी. महामंडळ, सर्वांना याचा अनुभव आहे. म्हणून दिवाळीनंतर भावजयीचे पत्र आले तेव्हा मी कायद्याचे पुस्तक पिशवीत घालून पहिल्या गाडीने निघालो. शेजारच्या गृहस्थांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला होता, की पलीकडच्या घरी जुगाराचा अड्डा चालतो आणि त्याची घंटा दिवसभर वाजते. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा यंत्र जप्त होईल, असा ठाण्याचा निरोप होता.

घंटेचे कारण भावाने मला समजावून दिले. क्लबातले लोक पेटी हलवून, कलती करून नाणी पाडण्याचा प्रयत्न करत. त्यावर उपाय म्हणून आत एका कड्याच्या मधोमध एक लोलक टांगलेला होता. पेटी हलली की लोलक कड्याला टेकायचा, टेकला की घंटा वाजायची आणि त्याच क्षणी एक खिटी पडून दांडा अडकायचा. दसऱ्यानंतर कोणी पेटीला बोट न लावताही हे घडू लागले होते. बाहेरून उसाचा ट्रक गेला की घंटा. दार आपटले की घंटा. आणि भावाने दांडा ओढला की अर्ध्यावर घंटा, आणि दांडा जागच्या जागी ताठ. पेटीतली बॅटरी काढली तर घंटा मुकी होई, पण खिटी उचलणारीही तीच वीज असल्यामुळे दांडा सुटत नसे.

तीन-चार आठवडे हात तसाच पडून होता. भावाने तो माझ्यापुढे धरला. उघडू लागलेली बोटे पुन्हा तळव्याकडे वळली होती.

"घंटंचं काय न्हाई, दादा," तो म्हणाला. "पर ह्यो हात परत मिटाय लागलाय."

मी आधी खुलासा लिहायला बसलो, कारण मला तेच येते. जुगार म्हणजे पणाला लावलेला पैसा. जो पैसा त्याच्या स्वतःच्या देशातही चालत नाही, तो पैसा नव्हे, धातूचा तुकडा आहे. म्हणून हे यंत्र जुगाराचे साधन नसून व्यायामाचे उपकरण आहे. या बांधणीवर मी खूश होतो. तिचा कणा असलेले वाक्य मी दोनदा मोठ्याने वाचून दाखवले: "सदर यंत्रात भारताचे चलनी नाणे आजतागायत एकदाही पडलेले नाही." भाऊ हसला. भावजय उंबऱ्यात उभी होती. ती स्वयंपाकघरात गेली.

मग आम्ही यंत्राकडे वळलो. नवरात्रात घर झाडून-पुसून काढताना पेटी खिडकीखालून मोरीच्या भिंतीला सरकवली होती, आणि तिथली फरशी मोरीकडे उतरती होती. दोष जमिनीचा, असे आमचे दोघांचे मत पडले. पेटीवर पाण्याने भरलेली परात ठेवून आम्ही उतार पाहिला. एका पायाखाली पाचर हवी होती; हाताशी दुसरे काही नसल्यामुळे मी माझ्या खुलाशाच्या कच्च्या प्रतीची घडी करून तिथे सारली. परातीतले पाणी चहूबाजूंनी काठाशी सारखे आले. भावाने दांडा ओढला. घंटा वाजली, आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनी मुसळाने ठोकावे तसे ठोकले. मी त्या भिंतीला उद्देशून कायद्याची दोन कलमे सुनावली.

भावाने मागचे दार उघडले. डाव्या हाताने एवढे दिवस तो खिटी सोडवत आला होता, पण कड्याची पलीकडची बाजू त्याला दिसत नव्हती. मी दाढीचा आरसा आत धरला आणि विजेरीचा झोत टाकला. कड्याला टेकून एक पातळ, पांढुरके, कंगोऱ्यांच्या कडेचे नाणे तिरके उभे होते. दहा पैसे. लोलकाला हलायला जी जागा लागते ती त्याने जवळजवळ खाऊन टाकली होती. नाण्यावर हळदीकुंकू वाळलेले होते.

भावजय केव्हा मागे येऊन उभी राहिली ते कळले नाही. पदर डोक्यावर ओढून ती माझ्याशी बोलत होती, पण पाहत होती नवऱ्याच्या हाताकडे.

"आवं दादा, खंडेनवमीला मी पूजा केली. शिवणाची मशीन पुजली, सायकल पुजली, तवा ह्याची बी केली. ह्यांचा हात ह्येच्यावरच हाय. मग दक्षिणा कुठं ठेवायची? नाणं टाकायची फट हुती, तिथंच टाकली."

त्या दिवशी काहीच घडले नाही. नाणे पेनीहून लहान आणि हलके. ते पेनीच्या वाटेने न जाता फटीतून आत घसरले आणि पुढे दांडा ओढता ओढता कड्यापर्यंत उतरले. म्हणून त्या पूजेचा आणि घंटेचा संबंध तिलाही लावता आला नव्हता. माझे वाक्य ऐकल्यावर मात्र तिला ते नाणे आठवले होते.

नाणे काढण्यासाठी मी हात घातला. शेजाऱ्यांचे ठोकणे अजून माझ्या डोक्यात होते आणि हात कापत होता. बोट लोलकाला लागले, घंटा वाजली. पुन्हा घातला, पुन्हा वाजली.

"दादा, तुमी लांब व्हा," भाऊ म्हणाला. "तुमचा हात भांडतूय."

त्याने डावा हात घालून पाहिला. त्या बाजूने तो वळत नव्हता. मग त्याने डाव्या हाताने उजवे मनगट उचलले आणि आत नेऊन ठेवले. त्या हाताला घाई कशी ती ठाऊकच नव्हती. तो जड होता, मंद होता, आणि मुळीच कापत नव्हता. मी आरसा धरून होतो. त्यात मला आकसलेली तर्जनी दिसत होती. ती थोडी उघडली, थांबली, आणखी थोडी उघडली. अंगठा तिला शोधत आला. नाणे दोघांच्या मध्ये आले आणि कड्यापासून सुटले. घंटा वाजली नाही. हात बाहेर आल्यावर भावाने ते नाणे बायकोपुढे धरले, तर ती मागे सरली. दिलेली दक्षिणा ती परत घ्यायला तयार नव्हती. भावाने ते तिथेच यंत्राच्या माथ्यावर ठेवले.

"आता काय लिवणार?" त्याने मला विचारले.

भावजयीचा प्रश्न वेगळा होता. तिच्यामुळे मशीन नेतील का, एवढेच तिला हवे होते.

त्या दुपारी मी बराच वेळ कागदापुढे बसून होतो. ते वाक्य तसेच ठेवले असते तर कोणाला कळले नसते. परंतु खोटे ठरलेले विधान माझ्या सहीखाली जाऊ देणे मला आयुष्यात जमलेले नाही. शिवाय प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. फायद्याच्या आशेने टाकलेले चलनी नाणे म्हणजे पणाला लावलेला पैसा; आणि तिने आशा धरली नव्हती असे मी कसे म्हणणार होतो? त्या घरात कोणी काही पणाला लावले असेल तर ते तिनेच. फरक मला शेवटी एवढाच सापडला, की जुगारी माणूस दुसऱ्याचे आपल्याकडे यावे म्हणून नाणे टाकतो, आणि तिने मागितले होते ते तिच्याच घरातले होते. कायद्यात यासाठी शब्द नाही. मी लिहिले: "सदर यंत्रात भारताचे चलनी नाणे आजतागायत एकदाच पडले. ते खंडेनवमीस दक्षिणा म्हणून वाहिलेले होते, आणि त्यामुळेच घंटा वाजत होती. नाणे काढले आहे, घंटा थांबली आहे."

पाठीमागे भाऊ दांडा ओढत होता. चाके फिरायची, थांबायची. प्रत्येक वेळी मी टाक उचलून घंटेची वाट पाहत असे आणि मग पुढचा शब्द लिहीत असे.

ठाण्यातून कोणी आले नाही आणि उत्तरही आले नाही. माझ्या अनुत्तरित पत्रांत ते एकच असे आहे, ज्याचे मी कधी स्मरणपत्र पाठवले नाही.