पेजेतलं नवं पाणी

शांताराम गुरुवारी गेला. मुंबईहून शाळेत फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. शिपायाने दाराशी येऊन सांगितलं. मी पुस्तक मिटलं.

आम्ही दोघे रत्नागिरीतल्या एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, तो विज्ञान. त्याचं घर आत, संगमेश्वरकडच्या एका खेड्यात. तिथे आई एकटी असायची, म्हणून शनिवारी दुपारच्या एस.टी.ने तो तिकडे जायचा. बाकी संध्याकाळी आम्ही मांडवीला धक्क्यावर बसायचो. बोलायचं काम त्याचं, ऐकायचं माझं. आणि नेमका त्याचाच आवाज जायला लागला... पहिल्या तासाला खणखणीत असलेला आवाज मधल्या सुट्टीपर्यंत नाकात यायचा, मग विरून जायचा. पापण्या मिटायच्या. जेवताना हनुवटीला हाताचा टेकू देऊन घास चावायचा. "सर, झोप येते का?" मुलं विचारायची. "मला नाही रे, पापण्यांना येते." शेवटी एका सोनाराकडून त्याने चष्म्याला आतून बारीक तारा बसवून घेतल्या. त्या पापण्या उचलून धरायच्या.

मुंबईच्या इस्पितळात त्या आजाराला नाव मिळालं, मायस्थेनिया. गोळ्या पुरेनाशा झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी प्लाझ्मा बदलायचं ठरवलं. ते यंत्र तिथे नवीनच आलं होतं. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, तिथे गरगर फिरून पेशी वेगळ्या व्हायच्या. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू न देणारा पिवळट द्रव पिशवीत साठायचा आणि पेशी दुसऱ्या हातातून परत जायच्या, दुसऱ्यांच्या प्लाझ्माबरोबर. त्यासाठी माणसं हवी होती. लालबागेत गावकीच्या खोलीत राहणारे त्याच्या गावचे गिरणीकामगार पाळी सुटली की येऊन रक्त द्यायचे. माझा गट जुळला नाही. मी खाटेशी मोसंबी सोलत बसायचो.

एका सकाळी त्याने मोसंबीची फोड हनुवटीला हात न लावता चावली. मी दुसरी फोड पुढे केली. ती खाऊन तो म्हणाला, "मास्तर, तुमची सुट्टी संपली. ऐका आता." आणि नर्स रागावेपर्यंत बोलत राहिला.

गावी आईला समजावताना मी समोर होतो. "आये, पेजेतलं वरचं पाणी ओतून टाकायचं, शितं तशीच ठेवायची, नवं पाणी घालायचं. एवढंच."

"जुनी पेज टाकून दिलीनी? गुरांना तरी घालायची," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि नवं पाणी कुणाच्या घरचं?"

त्याने नावं सांगितली. दगडू, खालच्या वाडीतला बाळू, आणखी कोण कोण.

गुण दोन-एक महिने टिकायचा. शरीर तो द्रव पुन्हा बनवायचं, पापण्या खाली यायच्या, आम्ही पुन्हा मुंबईची एस.टी. धरायचो. त्या मधल्या दिवसांसाठी तो अवघड धडे राखून ठेवायचा. आवाज आहे तोवर शिकवून घ्यायचे.

असाच एकदा मुंबईहून येऊन थोडे दिवस झाले होते. शाळेत गणपती होता आणि हा दाढी वाढवून आरतीच्या बाहेर उभा.

"दगडूचा बाप गेला. मला सुतक आहे."

"तुला कसलं? तुमची भावकीसुद्धा एक नाही."

"आयेचा निकाल. त्याच्या घरचं पाणी माझ्या अंगात आहे म्हणे. मी सांगितलं, आये, ते महिन्याभरात निघून जातं. तर म्हणाली, मग झाला का महिना? नाही ना? पाळ." तो हसत होता, पण आत आला नाही. दहावं होईपर्यंत दाढीही केली नाही. नंतर म्हणाला, "चूक माझीच, मास्तर. उदाहरण पेजेचं द्यायला नको होतं."

या पावसाळ्यात त्याला सर्दी झाली, ती छातीत उतरली. मुंबईला पोचलो, यंत्र लावलं. मी सुट्टी संपली म्हणून परतलो. तो बोलू शकत नव्हता, हाताने जा म्हणाला. श्वासाचे स्नायू तोवर थकले होते...

दहाव्याला मी गावी गेलो. नदीवर न्हावी बसला होता. त्याच्यापुढे शांतारामच्या चुलतभावांमागोमाग दगडू होता, बाळू होता, मुंबईहून रजा काढून आलेली इतर घरांतली माणसं होती. सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या. मी लांब थांबलो. फोन आल्यापासून मीही दाढी केली नव्हती, का ते सांगता आलं नसतं.

"मास्तर, बसा की," दगडू म्हणाला.

"माझा गट जुळला नव्हता रे."

"मोसंबी कोण भरवीत होतं मग?" असं म्हणून तो कातळावर थोडा सरकला.

मी बसलो.

निघताना आईने त्याचा चष्मा माझ्या हातात दिला. तो माझ्या टेबलावर आहे. आतल्या तारा त्याच्या पापण्यांच्या मापाने वाकलेल्या आहेत. संध्याकाळी मी धक्क्यावर जाऊन बसतो.