चटणीच्या दुकानात एक तास

मंडळी, आज भाचीबरोबर शहराबाहेरच्या नव्या बाजारात गेले. बसकी कौलारू दुकानं, प्रत्येकाचा मालक वेगळा, मधोमध पिठलं-भाकरीची खानावळ.

भाची पुढच्या दुकानांत रमली. मी कांदा-लसूण चटणी घ्यायला थांबले, तर दुकानदारीण म्हणाली, "मावशी, जरा दुकान बघा की. दोन घास खाऊन आलेच." आणि गेली! ओळख ना पाळख. कॉन्व्हेंटच्या शिस्तीतली मी, संतापलेच.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "लई तिखट हाय व्हय?"

"चटणी आहे, मुरांबा नव्हे!"

गडी दोन किलो घेऊन गेला. मग आणखी चौघं आले.

ती तासाभराने परतली. अर्ध्या रिकाम्या झालेल्या बरण्या बघून म्हणाली, "उद्याबी येताय न्हवं?"

निवृत्त झाल्यापासून घरात सगळे मला फक्त "तुम्ही बसा" म्हणतात. उद्या मी जाणार आहे.

तुमच्यावर कुणी इतक्या निर्धास्तपणे काम टाकून किती दिवस झाले?