राजूरच्या वर, पौषातला पाऊस

ताईचं पत्र दोन महिने आलं नाही, म्हणून मी राजूरला निघाले. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. माझी मोठी बहीण रूथ राजूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीवर सरकारी नर्स होती. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. बाबा भिंगारला लष्करी छावणीत कारकून. त्यांनी खटपट करून तिच्यासाठी नगरमध्ये एक जागा बघून ठेवली होती. बदलीच्या अर्जावर तिची सही तेवढी हवी होती. निघताना बाबा म्हणाले, "नुसती सही घेऊन येऊ नकोस. तिलाच घेऊन ये."

मी वीस वर्षांची होते आणि एकटीनं इतक्या लांब कधी गेले नव्हते.

राजूर-भंडारदऱ्याकडे कधी जावं, असं तुम्ही वाचक मला नेहमी विचारता. पावसाळ्यात जा, काजव्यांच्या दिवसांत जा, मी आधी लिहिलंच आहे. पण त्या डोंगरात मी पहिल्यांदा गेले ती सहल नव्हती, आणि तिच्याबद्दल मी आजवर लिहायचं टाळलं. वाडीचं नाव आजही लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

रस्ता मात्र तोच आहे. नगरहून राहुरी, कोल्हार, लोणीवरून संगमनेर, मग अकोले आणि राजूर. तेव्हा तीन एस.टी. बदलून सात तास लागले. आता आपल्या गाडीनं सकाळी निघालात तर दुपारचं जेवण राजूरला होईल.

राहुरीपर्यंत रस्त्याच्या कडेला माणसंच माणसं होती. दुष्काळी कामावरच्या बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. तोंडाला पदर बांधलेले, पापण्यांवर पांढरी धूळ. देवळाली प्रवरेच्या बाजूला एरवी उसाशिवाय काही दिसत नाही; त्या वर्षी तिथंही फडच्या फड वाळले होते. माझ्या शेजारची बाई मागच्या बाकावरच्या ओळखीच्या बाईला सांगत होती, "औंदा ऊस कारखान्याला गेलाच न्हाई. जनावरांनीच खाल्ला. पाचट सुदिक."

"अन् जनावरं?" मागचीनं विचारलं.

शेजारची खिडकीबाहेर बघत राहिली.

संगमनेरच्या स्टँडवर चहा घेतला. पिशवीत आईनं दिलेल्या दशम्या होत्या, पण समोर बसलेल्या माणसांच्या नजरा बघून डबा उघडायचा धीर झाला नाही. राजूरला उतरले तेव्हा एक वाजला होता. बाजाराचा दिवस होता, पण बाजारात धान्य कमी आणि जनावरं जास्त. पेढ्यांच्या दुकानात पेढे नव्हते. (आता भरपूर असतात, घेतल्याशिवाय येऊ नका.)

वाडीची वाट विचारली तर दुकानदारानं एका बाईकडे बोट दाखवलं. साठीच्या आतबाहेरची असेल. हातात दावं, दाव्याला गाय. तिचं नाव हौसाबाई. माझ्याकडे नीट बघून ती म्हणाली, "नर्सबाईची भन का तुमी? नाक तसंच हाय."

आम्ही बरोबरच निघालो. ती चढण एरवी अडीच तासांची; आम्हाला पाच लागले, कारण गाय दर शंभर पावलांवर थांबायची. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली डांगी गाय. बरगड्या मोजता येत होत्या.

"विकायला आणली होती?" मी विचारलं.

"इकायला आनली. कुनी इकत घेईना. मंग म्हनलं, फुकट न्या. फुकट बी न्हेईनात. त्यांच्याकडं तरी चारा कुठं हाय?" मग गाईच्या मानेवर हात फिरवत म्हणाली, "न्हाईतर आमची ही जात लई चिवट. पावसात चार-चार म्हैनं धारंखाली उभी ऱ्हाती. काय हुत न्हाई तिला."

तिचा मुलगा खाली संगमनेरकडे खडीच्या कामावर गेला होता. घरी ती आणि तिची सून ठकू. ठकूला नववा लागला होता.

वाडी दिसली तेव्हा मला आधी काही कळेना. पंधरावीस घरं, कारवीच्या कुडाची, पण निम्म्या घरांची छपरं उघडी. वाशांतून आभाळ दिसत होतं. जळालं की काय, असं मी विचारलं. हौसाबाई म्हणाली, "जळंल कशानं? छपराचं गवत उपसून जनावरांना घातलं. दुसरं व्हतं काय?"

ताई शाळेच्या कौलारू इमारतीतल्या एका खोलीत राहायची. दारात आली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलं नाही. गालफडं बसली होती, ओठ फुटले होते. तिनं मला जवळ घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली, "पाणी आणलंस का गं बरोबर?" मग स्वतःच हसली.

रात्रीचं जेवण म्हणजे मिलोची भाकरी. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, रेशनवर मिळायची. भाकरी थापतानाच तुटायची. माझ्या दशम्या ताईनं सात घरांत वाटून टाकल्या. बदलीचा अर्ज मी भीत भीत बाहेर काढला. वाटलं, ती चिडेल. पण तिनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "येते मी. मला आता होत नाही. पत्रं कशी लिहू? लिहिण्यासारखं काही घडतच नाही इथं. जे घडतं ते लिहिण्यासारखं नसतं." त्याच रात्री तिनं पत्र्याची ट्रंक ओढून कपडे भरायला सुरुवात केली. ठकूचं बाळंतपण उरकलं की निघायचं ठरलं. मला फार हलकं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताईबरोबर झऱ्यावर गेले. वाडीपासून अर्ध्या तासाच्या उतारावर खडकात एक भेग होती. तिथं एक बाई पोटावर पालथी पडून आत हात घालायची आणि वाटीनं पाणी काढायची. दहाबारा वाट्या झाल्या की पाणी संपायचं; मग पुन्हा झिरपेपर्यंत बसून राहायचं. हंडे ओळीनं मांडलेले. आमचा हंडा अर्धा भरेपर्यंत ऊन चढलं.

परत येताना ताई थांबली. कळसूबाईच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं. ती म्हणाली, "पौषात?"

तीनच्या सुमाराला पाऊस आला. आधी टपोरे थेंब, धुळीत खड्डे पाडणारे. मग एकदम सरसर. वाडीतून असा आवाज उठला की मी घाबरले. रडणं की ओरडणं, ते कळेना. माणसं बाहेर धावली. हंडे, तपेली, परात, कढई, शाळेतली घंटासुद्धा कुणीतरी उलटी करून अंगणात ठेवली. एक म्हातारा तोंड वर करून, डोळे मिटून नुसता उभा राहिला. बायका पदर पसरून भिजवत होत्या आणि मुलांच्या तोंडात पिळत होत्या. ताईनं माझा हात धरून मला बाहेर ओढलं. आम्ही दोघी केस सोडून भिजलो. मी माझ्या बहिणीला इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

तासाभरात घरातलं प्रत्येक भांडं भरलं. आणि पाऊस थांबला नाही.

वारा सुटला. घाटाकडून आलेला, थंड, सुईसारखा टोचणारा. लोक घरात गेले, तेव्हा घरात अंगणाइतकंच पाणी होतं. चुली विझल्या होत्या. गोवऱ्या भिजल्या होत्या, पीठ भिजलं होतं. ज्या घरांची छपरं शाबूत होती तिथं माणसं दाटीवाटीनं बसली. आमच्या खोलीत सतरा जण होते.

दिवेलागणीच्या आत हौसाबाई धावत आली. ठकूच्या पोटात दुखायला लागलं होतं. ताई आणि मी गेलो. ठकू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, वरून धार लागलेली, दात वाजत होते. शेजारी गाय उभी, तीही थरथरत होती. गाईच्या पाठीवर घोंगडी टाकलेली होती. घरात तेवढी एकच.

ताई म्हणाली, "घोंगडी काढा. हिला त्यात घालून न्यायचं."

हौसाबाई जागची हलली नाही. एकदा गाईकडे, एकदा सुनेकडे बघितलं. मग तिनं घोंगडी ओढली, ठकूला गुंडाळलं, आणि आम्ही चारपाच जणींनी तिला उचलून शाळेत आणलं. वाटेत हौसाबाई एकदाच बोलली, "ती उभी ऱ्हाईल. पावसाची सवय हाय तिला."

मुलगी झाली. एवढीशी, ताईच्या दोन्ही तळव्यांत मावणारी. ताईनं तिला कापसात गुंडाळून ठकूच्या उघड्या छातीशी ठेवलं आणि वर आपल्या दोन्ही साड्या घातल्या, ट्रंकेत भरून ठेवलेल्या. सगळ्या बायका भोवतीनं अंगाला अंग लावून बसल्या, ऊब मिळावी म्हणून. बाळ रडलं तेव्हा खोलीतल्या माणसांनी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं.

सकाळी ऊन पडलं. ओढ्याला पाणी वाहत होतं, त्याचा आवाज खोलीत येत होता. मी ताईला म्हटलं, "आता निघू या ना? बाळंतपणही झालं. पाऊसही पडला. आता त्यांचं भागेल."

ताईनं चप्पल घातली. म्हणाली, "चल."

ती मला वाडीभर हिंडवत गेली. गोठ्यांत, अंगणांत, बांधाशेजारी जनावरं पडली होती. बैल, गाई, शेळ्या. कुठं जखम नाही, काही नाही. उपाशी अंगात थंडी सोसायचं बळ नव्हतं, रात्रीतून गारठून मेली होती. अख्ख्या वाडीत दोन बैल उभे होते. हौसाबाईची गाय दावणीलाच बसल्यासारखी होती, मान तेवढी वळलेली. हौसाबाई तिच्या शिंगांवरचं पाणी पदरानं पुसत होती.

मला रडू आलं. मी म्हटलं, "कशाला आला हा पाऊस?"

हौसाबाईनं मान वर केली. "असं म्हनू नये, बाई. पाऊस चांगलाच हुता. आमच्यातच त्याला झेलायचं काय उरलं न्हवतं."

मग ती उठली आणि रिकामा हंडा घेऊन ओढ्याकडे गेली. सगळ्याच बायका जात होत्या. मेलेल्या जनावरांना वळसा घालून, रांगेनं, पाण्याला.

खोलीत आल्यावर ताईनं ट्रंकेतलं उरलेलं सामान बाहेर काढलं. एकेक कपडा घडी करून पुन्हा फळीवर ठेवला. तोवर चार जण तापानं फणफणले होते आणि दारात येऊन बसले होते. अर्ज तिनं घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला, सही न करताच.

मी आणखी दोन दिवस राहिले. जनावरं ओढून नेऊन पुरायला माणसं पुरत नव्हती, तेव्हा बायकांनी दोर धरले, मीही धरला. तिसऱ्या दिवशी एकटीच खाली उतरले. उतरताना वाटेवर जागोजाग कोवळं गवत फुटायला लागलं होतं. ते खायला आता कुणी नव्हतं.

भिंगारला स्टँडवर बाबा उभे होते. माझ्यामागून आणखी कुणी उतरतंय का, ते त्यांनी बस रिकामी होईपर्यंत बघितलं. मग माझी पिशवी घेतली. थोडं चालल्यावर म्हणाले, "आभाळ तिकडेच गेलं होतं. पाऊस झाला का?"

"झाला," मी म्हटलं.

"चला, बरं झालं."

नगरला एक थेंब पडला नव्हता. आठवडाभर शेजारणी येऊन मला त्या पावसाबद्दल विचारत होत्या. किती वेळ पडला, ओढे वाहिले का. मी सांगायची, हो, वाहिले. त्यांचे चेहरे उजळायचे, आणि पुढचं माझ्या तोंडून निघायचं नाही.

ताई त्या वाडीवर आणखी सहा वर्षं राहिली. नंतर मी तिथं तीनदा गेले. आता वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, घरांवर पत्रे आहेत, एका अंगणात चुलीवरचं जेवण मिळतं आणि ते उत्तम असतं. हौसाबाई कधीच गेली. ठकू भेटली. आम्ही दोघी बराच वेळ बसलो आणि त्या पावसाचा विषय दोघींनीही काढला नाही.

मी परत आल्यावर महिन्याभरानं ताईचं कार्ड आलं होतं. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं, म्हणून मी आधी वाचलं. "ठकूची मुलगी परवा गेली. ठकूला दूध आलंच नाही. ती आणि हौसाबाई आता खडीच्या कामावर जातात. माझी तब्येत बरी आहे. झऱ्याला अजून पाणी आहे."

संध्याकाळी बाबांनी ते आईला वाचून दाखवलं. पहिल्या दोन ओळी त्यांनी गाळल्या. चुलीपुढं बसलेल्या आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "देवाची कृपा. पाणी तरी टिकलं बिचाऱ्यांचं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.