सुमनची अकराची गोळी

मंगळवेढ्याहून निघालेली एसटी सकाळी कल्याणच्या आगारात शिरली. धाकट्या बहिणीसाठी, सुमनसाठी, मी हुलगे, गूळ आणि खारीक बांधून आणली होती. मानपाड्याच्या रिक्षात हुलग्यांची पिशवी फाटली आणि दाणे पायाशी सांडले.

"ताई, इथेच शेती करताय का?" रिक्षावाला हसला. पण थांबून त्याने मूठमूठ गोळा करून दिले.

कारखान्यांचा उग्र वास आला, तसं मानपाडा आल्याचं कळलं. दार उघडणारी सुमन सातव्या महिन्यातली, चेहरा पांढुरका. हिमोग्लोबिन आठच्या जेमतेम वर होतं. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तीन आठवड्यांत वाढलं नाही तर बाळंतपण आमच्याकडे नाही, रक्त द्यायची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. सुमनला त्याचीच धास्ती.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला कोपरीत गेलो. पूर्वी ती तिथे राहायची, म्हणून नाव तिथल्याच प्रसूतिगृहात घातलेलं. सुमनने नर्सताईंसमोर लोहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं मांडली. "एकही चुकवली नाही."

"कशाबरोबर घेतेस?"

"चहाबरोबर."

"आणि कॅल्शियमची?"

"तीपण तेव्हाच. एकदाच उरकून टाकते."

नर्सताईंनी पेन खाली ठेवलं. "अगं, मग तू चहालाच लोह पाजतेयस! चहाने लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमनेही अडतं."

मान माझी खाली गेली. आमच्या घरात प्रत्येक गोळी चहाबरोबरच. आबा, म्हणजे आमचे वडील, तशीच घेतात, आम्ही त्यांचं पाहून शिकलो. घरातली पहिली पदवीधर मी. मी सुमनला रोज फोनवर विचारायचे, "गोळी घेतलीस ना?" कशाबरोबर, ते कधी विचारलंच नाही.

त्या दिवसापासून लोहाची गोळी अकरा वाजता, लिंबू पाण्यात पिळून. चहा थेट चारला. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. आठवड्याने सुमन घाबरून म्हणाली, "ताई, शौचाला काळं होतंय. गोळी बंद करते."

मी कोपरीला फोन लावला. "गोळीनेच होतं," नर्सताई म्हणाल्या, "बंद करायची नाही."

घरमालकीण मावशी मूळच्या मानपाड्याच्या. शेवग्याचा पाला आणि कांद्यात परतलेला जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) घेऊन आल्या. "काय गो पोरी, चायवरच जगत होतीस काय? खा हे!" वासाने सुमनने नाक मुरडलं, पण तांदळाच्या भाकरीबरोबर ताट चाटूनपुसून साफ केलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा कोपरी. रक्ततपासणीचा कागद हातात येईपर्यंत सुमनने माझं मनगट सोडलं नाही. हिमोग्लोबिन साडेनऊला थोडं कमी.

"पुरेसं नाही अजून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण चढतंय. असंच चालू ठेव, बाळंतपण इथेच करू."

सुमन तिथल्या बाकावरच रडायला लागली. नर्सताई म्हणाल्या, "रड, पण चहा मागू नकोस."

मंगळवेढ्याच्या परतीच्या प्रवासात शाळेतला तक्ता आठवत होता: कोणत्या जीवनसत्त्वाअभावी काय होतं. तो पाठ करून मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. शिकवणाऱ्या बाईंची मी आजही ऋणी आहे. पण तो तक्ता स्वयंपाकघरापर्यंत न्यायचं काम माझं होतं.

घरी पोचले तर शेजारची रुक्मिणी बसलेली, पाचवा महिना. आईने दोघींपुढे चहा ठेवला. रुक्मिणीने पदराची गाठ सोडून लोहाची लाल गोळी काढली. मी तिच्यापुढचा कप बाजूला सरकवला आणि लिंबू आणायला उठले.