फर्स्ट इयरला कोणती भाषा?

आम्ही चार जुने मास्तर भेटलो की चहा आधी संपतो, कॉलेजचे किस्से उरतात! ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमच्या चिंचवडच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता, पण कॉम्प्युटरचा विषय आला होता. नवख्या पोरांना प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा कोणती शिकवायची, यावर आम्ही वर्षभर भांडलो.

विभागप्रमुख जोशी सर फोर्ट्रान भाषेच्या बाजूचे. नवा लेक्चरर कांबळे पास्कलचा. "पोरं आधी नीट विचार करायला शिकू देत," म्हणायचा. त्यासाठी त्याने कंपनीतली पक्की नोकरी सोडली होती, राव! पास्कल नाही आली तर तो परत जाणार होता.

"पण जवळच्या कंपनीच्या कॉम्प्युटरला पास्कल येत नाही. चालवणार कशावर?" जोशी सर.

"पोरांवर!" कांबळे.

*

क्लार्कने नोटीस लावली: 'प्रथम वर्षास कोणती भाषा असावी? पालकांनी कळवावे.'

चिखलीचे एक पालक शिफ्ट संपवून थेट आले. "सायेब, पोराला जर्मन शिकवा. आमच्या कंपनीत समद्या मशिनी जर्मन हायती!"

*

मी कोबोलच्या बाजूचा; तिच्यातल्या आज्ञा थेट इंग्रजी वाक्यांसारख्या. एक प्रोग्रॅम इंग्रजीच्या मॅडमना दाखवला. त्यांनी लाल पेन घेऊन तपासला.

"व्याकरण ठीक आहे. पण एवढी कामं सांगितलीत, एकदाही 'प्लीज' नाही?"

*

फोर्ट्रानची भोकं पाडलेली कार्डं त्या जवळच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर न्यायचं काम शिपाई सोपानरावांचं. रहाटणीचे, सायकलवाले. एकदा वाटेत गठ्ठा सांडला. एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ, क्रम मोडला की प्रोग्रॅम संपला! पण ते हसतच परतले.

"काळजी नगं सायेब. आमी भोकं जुळवून पुन्हा नीट लावली!"

*

शेवटी निकाल द्यायला प्राचार्य आले. कांबळेने वर्ग मैदानात उभा केला. एकाच्या हातात पाटी. बाकीच्यांनी त्याच्यामागे रांगेत फेरी मारायची, दर फेरीला त्याने पाटीवरचा आकडा एकने वाढवायचा. घंटा झाली की थांबायचं. "सर, पास्कलमध्ये यालाच लूप म्हणतात!"

पोरं फिरू लागली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. घंटा होईना! घंटा द्यायची सोपानरावांनी, आणि जोशी सरांनी त्यांना कार्डं देऊन कंपनीत धाडलेलं! कांबळे सारखा फाटकाकडे बघत होता. मलाच रडू यायचं बाकी होतं.

"थांबा!" प्राचार्य ओरडले.

"सर, घंटा न्हाई झाली!" पाटीवाला धापा टाकत म्हणाला. रांग पुढे गेली.

प्राचार्य जोशी सरांकडे वळून म्हणाले, "जोशी, हीच भाषा लावा. इतक्या वर्षांत पोरं पहिल्यांदा सांगितलेलं ऐकतायत! आता कुणीतरी घंटा द्या!"