साडेआठला बंद होणारं घर

आई गेल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, टेंभुर्णीच्या घरात एकटेच राहिले. पुण्याला यायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणून मी तळहाताएवढा एक कम्प्युटर घेऊन गेले. त्याच्या मेमरी कार्डावर घर सांभाळणारं सॉफ्टवेअर चढवलं, दिवे जोडले आणि स्वयंपाकघराच्या दाराला सेन्सर लावला. सकाळी सातपर्यंत ते दार उघडलं नाही, तर मला मेसेज यायचा. अख्खी दुपार खपून केलेलं हे काम दादांनी पाहिलं आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्यात पोचते न पोचते तोच, सकाळी साडेआठला फोनवर 'घर बंद' असा मेसेज आला. मी घाबरून दादांना फोन लावला. दादा शेतात गेले होते आणि निघताना विजेचा मेन स्विच बंद करून गेले होते. गल्लीत एकदा शॉर्टसर्किटनं कुणाचा तरी कडबा जळाला, तेव्हापासून आईची ही शिस्त होती. पण अशी एकदम वीज तोडली की कम्प्युटरचं कार्ड बिघडतं. ते दोनदा बिघडलं, दोनदा मी गावाकडे गेले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून चढवलं. दुसऱ्या वेळी मी त्यांना नको नको ते बोलले.

"तुझी माय मेन बंद केल्याबिगर उंबरा वलांडत न्हवती," ते म्हणाले. "मंग मी कसा वलांडू?"

मी हरले. वीज गेली की कम्प्युटर नीट बंद व्हावा म्हणून छोटी बॅटरी जोडून दिली. मग रोज साडेआठला घर बंद, संध्याकाळी सुरू. हळूहळू मला त्या साडेआठचीच सवय लागली. घर बंद झालं की दादा धड आहेत, असं समजून मी कामाला लागायचे.

यंदा पोळ्यानंतरच्या एका सकाळी दार सहाला उघडलं. सेन्सरच्या लेखी सगळं आलबेल होतं. साडेआठ झाले, नऊ वाजले, तरी घर सुरूच. मी शेजारच्या काकूंना फोन केला. दादा स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोनेक तास झाले असतील. ते दोन तास माझा फोन सगळं ठीक आहे म्हणून सांगत होता, याचा राग अजून जात नाही. फोनचा नाही, स्वतःचाच.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. कुलूप घेऊन मी निघाले आणि उंबऱ्यापाशी पाय अडला. मागे फिरून मेन बंद केला. गल्लीच्या टोकाशी पोचले तेव्हा फोन वाजला. घर बंद झालं होतं. सवयीनं क्षणभर मला हायसं वाटलं.